हशा, शांतता आणि उठून गेलेली माणसं

वाचकांचे प्रश्न

एकटी बाई, समोर माइक आणि दीड तास. त्यात शिव्या, अंगावर येणारे विषय, कधी रडू. असे एकपात्री विनोदी चित्रपट मुंबईतल्या छोट्या हॉलांत आणि घरच्या टीव्हीवर पाहिले जाऊ लागल्यापासून आमच्याकडच्या पत्रांत एकच सवाल निरनिराळ्या तोंडांनी येतो: प्रेक्षक असे का वागले? त्यातली काही पत्रं या अंकात घेतली आहेत.

अमेरिकन विनोदी नटी सँड्रा बर्नहार्डचा ‘विदाउट यू आय ॲम नथिंग’ आमच्या गटाने पाहिला. चित्रपटात तिच्यासमोर बसलेले लोकच कंटाळलेले आहेत, एकेक करून उठून जातात. आमच्याकडेही सगळे गप्प बसले. तिचा कार्यक्रम पडला होता का? की आम्हाला तो कळलाच नाही?
– एक वाचिका, विलेपार्ले

कार्यक्रम पडला नव्हता. पडद्यावरचे ते प्रेक्षक मुद्दाम तसे बसवलेले आहेत. या नावाचा तिचा मंचावरचा प्रयोग १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यावरून जॉन बॉस्कोविच या दिग्दर्शकाने १९९० साली हा चित्रपट केला आणि करताना एक मोठा बदल केला. प्रयोग लॉस एंजेलिसमधल्या एका क्लबात नेला आणि समोर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय प्रेक्षक बसवले. सुरुवातीलाच ही गोरी, ज्यू बाई आफ्रिकी वेष करून कृष्णवर्णीय गायिका नीना सिमोनचं ‘फोर विमेन’ गाते. चार कृष्णवर्णीय स्त्रियांचं ते गाणं ती त्याच समाजातल्या लोकांसमोर गाते आणि ते दगडासारखे बघत राहतात. शेवटी प्रिन्सच्या गाण्यावर ती जवळजवळ विवस्त्र होऊन नाचते तेव्हा क्लबात एकच बाई उरलेली असते. तीही टेबलक्लॉथवर लिपस्टिकने एक शिवी लिहून निघून जाते.

म्हणजे विनोदाचा अर्धा भाग मंचावर आहे आणि अर्धा त्या चेहऱ्यांवर. मंचावर उभी आहे ती ‘आपण कुठेही शोभतो, कुणाचंही गाणं आपलंच’ अशा भ्रमातली नटी. हसायचं आहे ते तिच्या भ्रमाला. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर, एखादी प्रतिष्ठित घरातली गायिका नऊवारी नेसून संगीत बारीतली लावणी बारीतल्याच कलावंतिणींसमोर गाते आहे आणि त्या हाताची घडी घालून नुसत्या बघत आहेत, असं समजा. हा प्रसंग मनात आणला की ते शांत चेहरे लगेच बोलू लागतात.

तुमचा हॉल गप्प राहिला त्याची कारणं निदान दोन. पहिलं कारण संकलनाचं. विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणात वाक्य संपलं की हसणाऱ्या प्रेक्षकांचा शॉट येतो आणि आपण त्यांच्या मागून हसतो. ही सवय वर्षानुवर्षांची आहे. या चित्रपटात त्याच जागी आंबलेले चेहरे येतात, त्यामुळे ‘आता हसा’ ही खूणच मिळत नाही. दुसरं कारण संदर्भांचं. ‘मी अँड मिसेस जोन्स’ हे गाणं मुळात एका पुरुषाने गायलेलं आहे, हे ठाऊक नसेल तर ती ते का गाते आहे हे उमगायलाच वेळ जातो. तोवर पुढचं वाक्य येऊन जातं.

पुन्हा दाखवणार असाल तर आधी तीन मिनिटं बोला, त्याहून जास्त नको. एवढंच सांगा: समोरचे प्रेक्षक नट आहेत, मंचावरची बाई ही बर्नहार्डची फुगवलेली प्रतिमा आहे, आणि गाणी मूळ कुणाची आहेत. गाण्यांची यादी अर्ध्या कागदावर छापून खुर्चीवर ठेवा. एकही विनोद समजावून सांगू नका, सांगितलेला विनोद त्या हॉलपुरता मेला.

आणि शांततेकडे जरा जवळून पाहा. न कळल्याच्या शांततेत लोक शेजाऱ्याकडे बघतात, दोनचार मोबाइलचे उजेड दिसतात. अवघडलेपणाच्या शांततेत कुणी हलत नाही आणि तो भाग संपला की एकदम खोकल्यांची लाट येते, खुर्च्या करकरतात. मन लावून ऐकत असतानाच्या शांततेत खोकला फार तुरळक असतो. तिन्हींना एकाच मापाने ‘प्रतिसाद मिळाला नाही’ म्हणणं हा त्या कलाकृतीवरही अन्याय आणि तुमच्या प्रेक्षकांवरही.

घरी एकटीने पाहिलं तर मला हसूच येत नाही. मैत्रिणींबरोबर तोच कार्यक्रम पाहताना पोट दुखेपर्यंत हसलो. माझं मत नक्की कोणतं धरायचं?
– एक वाचिका, मुलुंड

दोन्ही. हसणं हे मत नाही, ती सोबतीची क्रिया आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी अनेक वर्षं माणसांच्या हसण्याच्या नोंदी घेतल्या. एकटं असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट आपण माणसांत हसतो, असं त्यांना आढळलं. त्यांच्याच नोंदींत असंही दिसलं की रोजच्या बोलण्यातलं बहुतेक हसू विनोदाला नसतंच, साध्यासुध्या वाक्यांनंतर येतं. बाई बोलत असेल आणि ऐकणारा पुरुष असेल तर बोलणारी जास्त हसते आणि ऐकणारा कमी, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

ही शेवटची गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते. पाळी, गर्भपात, शरीरसुख, नवऱ्याचं घोरणं यांवर एखादी बाई बोलू लागली की मिश्र हॉलमध्ये दोन वाक्यांपुरतं एक गमतीचं थांबणं येतं. बायका नवऱ्याकडे किंवा सासूकडे बघतात, पुरुष बायकोकडे. कुणीतरी पहिलं हसेपर्यंत बाकीचे वाट पाहतात. बहुतेक वेळा ते पहिलं हसू मागच्या, अंधारातल्या रांगेतून येतं. म्हणून अशा खेळाला हॉलमधले दिवे पूर्ण बंद हवेत, फक्त पायऱ्यांचे आणि दाराचे सुरू. उजेडात लोक आधी आपला चेहरा सांभाळतात.

दुसरी काळजी खुर्च्यांची. २०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये ६० माणसं विखरून बसली तर हसू एकमेकांपर्यंत पोचत नाही. मागच्या रांगांना दोरी लावा, कडेच्या खुर्च्या उचला आणि सगळ्यांना मधोमध, खांद्याला खांदा लागेल असं बसवा. उशिरा येणाऱ्यांसाठी दाराजवळची एक रांग राखा. रविवारी मेगाब्लॉक असेल तर अर्धे लोक पंधरा मिनिटं उशिराच येणार, हे धरून चाला. सुरुवातीची दहा मिनिटं लोक वाकून वाकून जागा शोधत राहिले तर कार्यक्रमाची लय बसत नाही, आणि एकपात्रीत पहिल्या दहा मिनिटांत बसली नाही तर ती नंतर सहसा बसत नाही.

निर्मातीची परवानगी घेऊन आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये एक इंग्रजी एकपात्री दाखवली. मागच्यांना बोलणं ऐकूच येईना, हशा मात्र कानठळ्या बसवणारा. मराठी सबटायटल आम्हीच केली होती, तर ती वाचून लोक तिच्या आधीच हसत होते. काय चुकलं?
– एक कार्यकर्ता, चेंबूर

तुमच्या पत्रात दोन वेगळे बिघाड आहेत.

आधी आवाज. अशा फाइलमध्ये बऱ्याचदा ५.१ ऑडिओ असतो, म्हणजे सहा वाहिन्या. बोलणं मुख्यतः मधल्या वाहिनीत आणि प्रेक्षकांचा हशा-टाळ्या बऱ्याचशा मागच्या दोन वाहिन्यांत. सोसायटीच्या हॉलमध्ये डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर. लॅपटॉपने मधली वाहिनी नीट मिसळली नाही की बाई कुजबुजते आणि लोक गर्जतात. उपाय सोपा आहे. फाइलमध्ये स्टिरिओ ट्रॅक वेगळा असेल तर तो निवडा, नसेल तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट स्टिरिओ करा. मग हशा चालू असताना ती बोलते आहे असा एखादा मिनिट शोधा आणि एका माणसाला शेवटच्या रांगेत बसवून तेवढाच तुकडा वाजवा. प्रत्येक शब्द कळला पाहिजे. मधल्या रांगेत बोलण्याची पातळी ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. मोबाइलवरच्या मीटर ॲपने मोजलेलं अंदाजापुरतं चालतं. ॲम्प्लिफायरवर बास कमी करा, शब्द स्पष्ट होतात.

तरीही घुमत असेल तर दोष हॉलचा. लादी, काचा आणि रिकाम्या भिंती असल्या की विनोदाचा शेवटचा शब्दच आधीच्या शब्दाच्या घुमण्यात बुडतो, आणि या प्रकारात सगळं काही त्या शेवटच्या शब्दावर असतं. खिडक्यांना जाड पडदे लावा, पुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरा. स्पीकर भिंतीला चिकटवून वर टांगू नका. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, प्रेक्षकांकडे कललेले ठेवा. हॉल लांबट असेल तर निम्म्यावर दोन छोटे स्पीकर कमी आवाजात लावा आणि त्यांना दर मीटर अंतराला सुमारे ३ मिलिसेकंद उशीर द्या, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज एकत्र पोचतो. छताचे पंखे मंद करा. गच्चीवर किंवा अंगणात दाखवणार असाल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद हॉलला ही वेळेची अट तशी नसली तरी वरच्या मजल्यावरच्यांचा विचार करावाच.

आता सबटायटल. लोक आधी हसतात कारण तुम्ही विनोदाची मांडणी आणि फटका, म्हणजे ज्यावर हसू येतं ते शेवटचं वाक्य, एकाच पाटीत (पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या मजकुरात) टाकला आहे. डोळा जिभेपेक्षा वेगवान. समजा ती म्हणते, “माझी आई शेजारणींना सांगते, मुलगी बँकेत आहे.” तर पहिल्या पाटीत ‘माझी आई शेजारणींना सांगते’ एवढंच. ती मध्ये थांबते तेवढा वेळ पाटी रिकामी. ‘मुलगी बँकेत आहे’ ही दुसरी पाटी तिने ‘मुलगी’ उच्चारल्यानंतर, दोनतीन फ्रेम उशिरा. एका पाटीत दोनच ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं, आणि कुठलीही पाटी ६-७ सेकंदांच्या वर नको. सगळी सबटायटल सरसकट पुढे-मागे झाली असतील तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ती ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने सरकवता येतात. पण मांडणी आणि फटका एकाच पाटीत असेल तर कळा दाबून काही होणार नाही, पाटीच तोडावी लागेल.

भाषांतरात शिवी सौम्य करू नका. ती ज्या जोराने बोलते तो जोर मराठीत नसेल तर कान एक ऐकतो आणि डोळा दुसरंच वाचतो. इंग्रजी कळणारे हसतात, न कळणारे त्यांच्याकडे बघत बसतात, आणि हॉलचे उभे दोन भाग होतात. शिवी छापणं शक्य नसेल तर तो चित्रपट त्या हॉलसाठी नाही असं समजावं.

खेळ सुरू असताना अकरा जण उठून गेले. कार्यकारिणीत त्यावरून वाद झाला. एक सदस्य म्हणतात, चित्रपट अश्लील होता म्हणून लोक गेले. हे ठरवायचं कसं? लोकांची खरी प्रतिक्रिया गोळा करायची योग्य पद्धत कोणती?
– फिल्म सोसायटीचे सचिव, गोरेगाव

उठून जाणाऱ्यांच्या संख्येपेक्षा ते कोणत्या मिनिटाला उठले, हे महत्त्वाचं. साडेनऊला संपणाऱ्या खेळात सव्वानऊला चार जण गेले तर ते विरार किंवा कर्जतच्या गाडीसाठी गेलेले असू शकतात. लहान मुलाला घेऊन आलेले गेले तर मूल कंटाळलं असेल. बलात्काराचा उल्लेख आल्यावर दोन बायका शांतपणे उठल्या तर त्याचा अश्लीलतेशी काडीचा संबंध नसेल, त्यांना ते ऐकवलं नसेल. आणि चौघे एकत्र आलेले मित्र एका विनोदानंतर धाडकन दार लोटून गेले तर तो निषेध. या सगळ्यांची मिळून ‘अकरा’ अशी बेरीज करून काहीच हाती लागत नाही.

नोंद ठेवायची तर दोन निरीक्षक बसवा, एक डाव्या भिंतीशी, एक उजव्या. प्रत्येकाकडे मिनिटांचे रकाने आखलेला कागद, पुठ्ठ्याचं पॅड आणि पेन्सिल. खुणा चारच: ह म्हणजे हशा, शां म्हणजे शांतता, चु म्हणजे चुळबुळ, उ म्हणजे कुणी उठलं. ‘ह’च्या पुढे थोडे, अर्धे की सगळे एवढं लिहायचं. मिनिटं पडद्यावरच्या वेळेप्रमाणे मोजायची, घड्याळाप्रमाणे नाही, नाहीतर मध्यंतर झालं की सगळा ताळमेळ जातो. निरीक्षकांनी चित्रपट आधी पाहिलेला असावा. पहिल्यांदा पाहणारा माणूस स्वतःच हसण्यात गुंततो आणि रकाने कोरे राहतात. खेळानंतर दोघांचे कागद शेजारी ठेवा. जिथे दोघांची खूण जुळते तेवढंच धरा. प्रेक्षकांवर कॅमेरा लावू नका. त्यांना न विचारता केलेलं चित्रीकरण गैर आहे, आणि सांगून केलं तर ते मोकळे बसत नाहीत.

प्रतिक्रियापत्रं आत येताना द्या, बाहेर जाताना नाही. पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. नाव मागू नका. वयोगट आणि स्त्री, पुरुष, इतर एवढं विचारा, तेही ऐच्छिक. प्रश्न तीनच ठेवा: कुठे हसू आलं? कुठे अवघडल्यासारखं झालं? उठून जावंसं वाटलं असेल तर कधी? ‘आवडला का’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर माणूस सोसायटीचं मन राखून देतो. पेट्या दोन ठेवा, त्यातली एक दाराच्या बाहेर, म्हणजे मधेच गेलेल्यालाही कागद टाकता येईल. दारावरच्या स्वयंसेवकाने जाणाऱ्याला “का चाललात?” म्हणून अडवायचं नाही. “पेटी इकडे आहे” एवढंच.

वाचताना हे विसरू नका की कागद भरतात ते बहुतेक फार आवडलेले किंवा फार चिडलेले. मधले लोक गाडी पकडतात. साठातल्या बावीस जणांनी भरलं तर त्या बाविसांचंच मत तुमच्याकडे आहे, बाकीच्या अडतिसांसाठी निरीक्षकांचे कागद पाहायचे. ‘अवघडलो’ आणि ‘चांगला होता’ हे एकाच कागदावर आलं तर ती विसंगती समजू नका. या प्रकारच्या विनोदाचं कामच तिथे चालतं. ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांनी ‘नॅनेट’ या २०१८ च्या कार्यक्रमात प्रेक्षकांना मंचावरूनच सांगितलं की विनोदकार आधी तणाव निर्माण करतो आणि मग हसवून तो सोडवतो; आणि पुढे एका जागी तो तणाव त्यांनी मुद्दाम सोडवलाच नाही. अशा जागी हशा आला नाही म्हणून नापास ठरवणारी मोजपट्टी निरुपयोगी आहे.

तुमच्या सदस्यांना आमचा सल्ला: अकरा ‘उ’ कोणत्या मिनिटांवर आहेत ते आधी कागदावर मांडा, मग बैठक घ्या.

असले चित्रपट कुटुंबासह पाहण्यासारखे असतात का? बाईमाणसाने माइकवर असं बोलणं आपल्याकडे कधी नव्हतं.
– एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

होतं. बैठकीच्या लावणीत बाई पुरुषांच्या डोळ्यात डोळा घालून काय काय सुचवत आली आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. फरक असा की तिथे बोल बहुधा पुरुष शाहिराचे असत आणि समोरची बैठक पुरुषांची. इथे शब्द तिचे स्वतःचे आहेत आणि समोर बायका बसलेल्या आहेत. एकटीने मंच पेलण्याचीही आपल्याला सवय आहे. सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय, मी सावित्रीबाई’ १९८९ पासून लोकांनी पाहिला. तो विनोदी नाही, पण दीड-दोन तास एका बाईचं ऐकत बसायला तो आपल्याला शिकवून गेला.

कुटुंबासह पाहायचं का, हे त्या त्या चित्रपटावर. ‘ए’ प्रमाणपत्र म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा पाच पायऱ्या आहेत, आणि त्याखाली शिवीगाळ, नग्नता, लैंगिक प्रसंग वगैरे बारीक अक्षरांत दिलेलं असतं. ते वाचा. आयोजकांनाही सांगणं आहे: जाहिरातीत नुसतं ‘बोल्ड’ लिहू नका. ‘शिव्या आहेत, अंशतः नग्नता आहे, बलात्काराचा उल्लेख आहे’ असं स्पष्ट लिहा. आधी कळलेलं असलं की माणूस तयारीने येतो किंवा येतच नाही, आणि दोन्ही ठीक.

परवानग्या कोणकोणत्या लागतात? आम्ही तिकीट लावणार नाही.
– महिला मंडळ, दादर

तिकीट नसलं तरी परवानगी लागते. ओटीटीची वर्गणी ही घरच्या, खाजगी पाहण्यापुरती असते. ती दाखवून हॉलमध्ये खेळ लावता येत नाही. नेटफ्लिक्स आपल्या काही ठरावीक माहितीपटांना शैक्षणिक खेळासाठी सूट देतं, विनोदी कार्यक्रम त्यात धरून चालू नका. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या. तारीख, जागा, आसनसंख्या आणि किती खेळ, हे चारही त्यात हवं. ‘हौशी मंडळ, फुकट प्रयोग’ ही कॉपीराइट कायद्यातली सवलत साहित्य, नाट्य आणि संगीत यांच्या सादरीकरणाला आहे, चित्रपटाच्या खेळाला नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. सार्वजनिक खेळासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. सूट द्यायचा अधिकार कलम ९ प्रमाणे केंद्र सरकारला आहे, सेन्सॉर मंडळाच्या अध्यक्षांना नाही. एखादी नोंदणीकृत फिल्म सोसायटी बरोबर घेतलीत तर ही वाट सोपी होते. मुंबईत १९६८ पासून चालत आलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांना या कामाचा सराव आहे.

मंचावर प्रत्यक्ष प्रयोग करणार असाल तर रस्ता वेगळा. महाराष्ट्रात संहिता आधी राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते.

माझ्या एकपात्री कार्यक्रमाचं चित्रीकरण केलं. त्या रात्री लोक भरपूर हसले होते, पण व्हिडिओत सगळं मेल्यासारखं वाटतं. मागाहून हशा घालावा का?
– एक तरुण विनोदकार, अंधेरी

घालू नका. अमेरिकेत चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात हशाचं यंत्रच बनवलं होतं आणि मालिकांनी ते खूप वापरलं. पण एकटीच्या कार्यक्रमात दुसऱ्या खोलीतला हशा लगेच उघडा पडतो, कारण तुमचा श्वास आणि थांबणं खऱ्या हशाशी बांधलेलं असतं.

तुमच्याकडे बहुधा हातातल्या माइकचाच आवाज नोंदला गेला आहे. तो तोंडाजवळचंच ऐकतो. पुढच्या वेळी प्रेक्षकांसाठी वेगळे माइक लावा. मंचाच्या दोन्ही कोपऱ्यांवर एकेक कार्डिऑइड कंडेन्सर (मुख्यतः समोरचंच ऐकणारा संवेदनशील माइक), तोंड प्रेक्षकांकडे, पाठ स्पीकरकडे. हॉल मोठा असेल तर आणखी दोन निम्म्यावर. त्यांना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागतो, मिक्सरवर तो चालू आहे ना ते बघा. बंद राहिला तर ट्रॅक कोराच येतो. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलणं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण हशा एकदम उसळतो आणि जागा ठेवली नसेल तर फाटतो. रेकॉर्डरचा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय) बंद. तो चालू असला की हशा आला की यंत्र आवाज दाबतं, शांतता आली की पंख्याचा आवाज वर उचलतं. ‘मेल्यासारखं’ वाटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. मिसळताना लांबचे माइक जुळवून घ्या. १० मीटरवरच्या माइकला मंचावरचा आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढा तो ट्रॅक पुढे ओढायचा.

कॅमेरे निदान तीन: एक रुंद, न हलणारा, एक कमरेपासून वर, एक प्रेक्षकांवर. सगळे सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर १/५०, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट फडफडत नाही. दारावर ‘आज चित्रीकरण आहे’ अशी ठळक पाटी लावा आणि कॅमेऱ्यात न येणाऱ्या दोन रांगा राखा. शक्य असेल तर लागोपाठ दोन प्रयोग त्याच कपड्यांत चित्रित करा. एकात चुकलेला तुकडा दुसऱ्यातून घेता येतो.

आणि संकलकाला पहिल्याच दिवशी सांगा की थांबे कापायचे नाहीत. तीन सेकंदांची शांतता टाइमलाइनवर मोकळी जागा दिसते आणि ती छाटायचा मोह होतो. ती छाटली की हशाचं कारणच गेलं. हशा ओसरू लागला की कापा, पण अगदी शांत होईपर्यंत थांबू नका. प्रेक्षकांचा शॉट त्याच विनोदाचा असावा. दुसऱ्या विनोदावर हसणारा चेहरा इथे चिकटवला तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण विश्वास उडतो. आणि एखादीचा अवघडलेला चेहरा सापडला असेल तर तो टाकून देऊ नका. एखाद्या धारदार वाक्यानंतर तो चार हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा जास्त बोलतो.

खेळानंतरच्या चर्चेत दोन गृहस्थ अर्धा तास बोलतात, बायका बोलतच नाहीत. शिवाय कुणीतरी त्या कलाकाराच्या अंगाबांध्यावर घसरतं. काय करावं?
– एक संचालिका, बोरिवली

खेळ संपल्यावर लगेच चर्चा नको, दहा मिनिटं चहा. खरं बोलणं चहाच्या रांगेतच सुरू होतं. तेवढ्या वेळात चिठ्ठ्या वाटा आणि प्रश्न लिहून मागवा, नावं नकोत. चिठ्ठ्या तुम्ही वाचा. त्यामुळे हात वर न करणाऱ्यांचा प्रश्नही पहिला येऊ शकतो. बोलणाऱ्याला दोन मिनिटं, वेळ सांगायला पहिल्या रांगेत एक माणूस घड्याळ घेऊन बसलेला. सुरुवात ‘कसं वाटलं?’ने करू नका. एक नेमकी जागा घ्या: “ती पाणी प्यायला थांबली तेव्हा सगळे हसले. कशाला हसलो आपण?” असं विचारलं की ज्याने ते पाहिलं आहे त्यालाच बोलता येतं, भाषण ठोकायला आलेल्याकडे उत्तर नसतं.

शरीरावरचा शेरा आला तर तिथेच, शांत आवाजात थांबवा: “तिने स्वतःच्या शरीराबद्दल जे सांगितलं त्यावर बोलू, आपण पाहिलेल्यावर नको.” एवढं बोलून पुढची चिठ्ठी उघडा. त्या गृहस्थांना उत्तर द्यायला पुन्हा माइक देऊ नका. माइक फिरवायला माणूस असेल तर त्याला आधीच बजावून ठेवा की माइक हातात द्यायचा नाही, स्वतः धरून उभं राहायचं.